नवरी आणि आजी: एका फळीतून दोन टेलिकास्टर (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर २०२४

भाच्याला ‘रेलिक’ टेलिकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) हवी आहे. म्हणजे नवीकोरी गिटार, पण कारखान्यातच रंग खरवडून, कडा घासून, स्क्रूंना गंज चढवून जुनी केलेली. फेंडरच्या कस्टम शॉपमधली अशी गिटार अमेरिकेतच चार हजार डॉलरच्या वर जाते. इथे पोचेपर्यंत कर धरून जी रक्कम होते, तीत बरी सेकंडहँड गाडी येते. काल भाऊबीजेला जेवणं झाल्यावर त्याने हळूच विषय काढला. “मामा, तुझ्याकडे कंप्रेसर आहे, स्प्रे गन आहे. तूच करून दे ना.”

हो म्हटलं, पण एक नाही, दोन करायच्या. एकाच फळीतून दोन बॉडी, एकाच लॉटमधले दोन नेक (गिटारीची मान), तेच पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं), त्याच तारा. एक चकचकीत ठेवायची, दुसरी झिजवायची. मग वाजवणाऱ्यांच्या हातात देऊन बघायचं. भाच्याचं ठाम मत आहे की रेलिक गिटारी ‘जास्त उघड्या’ वाजतात. मला वाटतं, निकाल डोळे आधीच देऊन मोकळे होतात आणि कान नंतर त्यावर सही करतात.

नावं लगेच ठरली. चकचकीत ती नवरी, झिजवलेली ती आजी.

९ नोव्हेंबर

टिंबर मार्केट, भवानी पेठ. पन्नासच्या दशकातल्या टेलीला ॲशचं लाकूड असायचं. ते इथे शोधत बसण्यात अर्थ नाही. तूण घेतलं. सतारीला वापरतात तेच, हलकं आणि तांबूस. चांगली मुरलेली, दोन बॉडी निघतील एवढी लांब फळी मिळाली. पावणेदोन इंच जाडी धरून रंधून घेतली.

भाचा नाराज. रंग उडालेल्या जागी ॲशसारखं फिकट लाकूड दिसायला हवं, तुणाचं तांबडं नको, असं त्याचं म्हणणं. तुणावर ॲशसारखा रंग चढवून मग तो घासावा, असंही सुचवून झालं. मी साफ नकार दिला. ही १९५२ची गिटार आहे असं कुणाला भासवायचं नाहीये. झिजल्यावर खालून जे निघेल ते निघेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही बॉडी कापून झाल्या. राउटरला एकच टेम्प्लेट लावून दोन्हींतले खड्डे काढले. नेक बसतो तो खड्डा घट्ट हवा: स्क्रू न लावता नेक धरून बॉडी उचलली तर ती सुटून पडू नये. दोन्हींत तसा बसला. वजनात नाव घेण्यासारखा फरक नाही.

नेक मेपलचे, तयार मागवलेले, साडेपंचवीस इंची स्केलचे (वाजणाऱ्या तारेची लांबी). टेलीचा नेक चार स्क्रूंवर निघतो, म्हणूनच या प्रयोगाला टेली निवडली. पुढे अदलाबदल करायची आहे. चिकटवलेल्या नेकच्या, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीवर हे करता आलं नसतं.

२३ नोव्हेंबर

रंग. फर्निचर पॉलिशचं काम करणारे काका मदतीला आले. हातात गन आली की बोलतात छान. एनसी सीलरचे हात, मग पिवळट पांढरा, मग वरून एनसी लॅकर. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडे पलंग-कपाटांना वर्षानुवर्षं मारतात तेच. आता बहुतेक गिऱ्हाईक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन मागतं. काका म्हणाले, “पीयू का नाही मारत? भांडं ठेवलं तरी डाग नाही.” तोच तर प्रश्न आहे, म्हटलं. आम्हाला डाग पडायला हवेत.

हे जरा नीट लिहून ठेवतो, कारण भाच्याला वाटतं की जुनेपणा म्हणजे नुसती वर्षं. फेंडर पन्नास-साठच्या दशकात नायट्रो लॅकर वापरायचं. मोटारींचे रंगही. हा थर पातळ असतो, उन्हाने पिवळा पडतो, वर्षांनुसार आकसतो आणि ठिसूळ होतो, घामाने आणि घर्षणाने उतरतो. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनी जाड पॉलिएस्टरकडे वळली. त्यामुळे १९७५ची गिटार पन्नास वर्षं वाजवली तरी काचेसारखी चमकते. फार तर आपटली की टवका उडतो. तेव्हा ज्याला आपण ‘खूप वाजलेली गिटार’ म्हणून नमस्कार करतो, ती पुष्कळदा नुसती पातळ रंगाची गिटार असते. एकाच माणसाने दोन गिटारी सारख्याच वाजवल्या असतील, पण एक आजी दिसेल आणि दुसरी नवरीच राहील.

काकांना रेलिकचं काहीच नवल वाटलं नाही. नव्या सागवानी झोपाळ्याला ‘अँटिक’ फिनिश मागणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे नेहमीची. साखळी मारून खड्डे पाडतात, कोपऱ्यात काळा स्टेनर भरतात. “त्याचे पैसे जास्त घेतो,” म्हणाले.

८ डिसेंबर, रविवार

बॉडी माळ्यावर सुकताहेत. एनसी वरून तासाभरात सुकतं, पण आतलं थिनर उडायला काही आठवडे जातात. नख रुतत नाही आणि नाकाला वास कमी लागतो तोवर हात लावायचा नाही.

या वेळात भाच्याला जरा इतिहास सांगितला. फेंडरचं कस्टम शॉप १९८७ साली कॅलिफोर्नियात कोरोना इथे सुरू झालं. मोठे वादक तिथून आपल्या जुन्या गिटारीची नवी प्रत करून घ्यायचे. ती दौऱ्यावर न्यायची आणि खरी घरी सुरक्षित ठेवायची. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘फारच नव्या दिसतात, जरा ठोका’ म्हणून गिटारी परत केल्याचा किस्सा निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. तिथल्या जे. डब्ल्यू. ब्लॅकने मिसुरीच्या व्हिन्स कुनेटोकडून दोन गिटारी जुन्या करून घेतल्या, एक नोकास्टर (टेलीचंच सुरुवातीचं रूप) आणि एक पांढरट ‘मेरी के’ स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचंच दुसरं मॉडेल, थोडक्यात स्ट्रॅट). जानेवारी १९९५च्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात त्या ठेवल्या, तेव्हा कंपनीने संग्रहातल्या खऱ्या जुन्या गिटारी आणल्यात असं बघणाऱ्यांना वाटलं. मग ऑर्डरींचा पाऊस. १९९९पर्यंत बॉडी आणि नेक झिजवण्याचं काम कुनेटोच्याच वर्कशॉपमध्ये चाले.

पुढे पायऱ्या ठरल्या. एन.ओ.एस. म्हणजे दुकानात न विकता राहिल्यासारखी, क्लोजेट क्लासिक म्हणजे कपाटात पडून राहिल्यासारखी, आणि रेलिक म्हणजे रस्त्यावर आयुष्य गेल्यासारखी. २००९मध्ये मेक्सिकोत बनलेली रोड वॉर्न मालिका आली, म्हणजे झीज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गिब्सनने २०२१मध्ये टॉम मर्फीच्या नावाने मर्फी लॅब काढली. तिथे ‘अल्ट्रा लाइट’पासून ‘अल्ट्रा हेवी’पर्यंत झिजेची प्रतवारी आहे, आणि जास्त झीज हवी तर जास्त पैसे. आमच्या पॉलिशवाल्या काकांचं दरपत्रक हेच.

या वेडाचं टोक म्हणजे २००७ची रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या ‘फ्रँकनस्टाइन’ची प्रत. फक्त ३०० नग, किंमत २५,००० डॉलर. मूळ गिटारीत एडीने ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांडीच्या यंत्रणेला) टेकू म्हणून १९७१चं पाव डॉलरचं नाणं ठोकलं होतं. प्रतीतही १९७१चंच नाणं! त्याने ते हाताला लागलं म्हणून ठोकलं. इथे त्या सालचं नाणं शोधून बसवलं.

आणि एक खरं उदाहरण. आयर्लंडच्या रॉरी गॅलहरने १९६१ची स्ट्रॅट १९६३ साली कॉर्कच्या एका दुकानातून १०० पाउंडांना घेतली. ती चोरीला गेली, पावसात खंदकात पडून राहिली, परत मिळाली, आणि त्याने आयुष्यभर वाजवली. पुढचा रंग जवळजवळ सगळा गेला. परवाच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बॉनहम्सच्या लिलावात ती जवळजवळ नऊ लाख पाउंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. तिची कस्टम शॉपने केलेली प्रत नव्वदच्या दशकापासून मिळते, प्रत्येक टवका जागच्या जागी.

भाचा म्हणाला, “म्हणजे जुनी गिटार चांगली असते हे तर खरंच ना?” थोडं खरं आहे, पण उलट्या बाजूने. वाईट गिटार कोण पन्नास वर्षं वाजवतं? ती मोडते, माळ्यावर जाते, भंगारात जाते. चांगली असते तीच हातात राहते आणि झिजते. चांगली म्हणून झिजते. झिजली म्हणून चांगली झाली, असं नाही.

१४ डिसेंबर

मिरजेत लग्न होतं. मुहूर्त दुपारचा, म्हणून सकाळी सतारमेकर गल्लीत जाऊन बसलो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानात तानपुऱ्याची जवारी लावणं चाललं होतं. कारागिराने तार सैल करून बाजूला केली, घोडीवर कानशीचे अगदी हलके हात दिले, तार पुन्हा चढवली, छेडली, जवारीचा दोरा केसभर पुढे सरकवला आणि ऐकलं. पुन्हा तार सैल. घोडीकडे तो फारसा बघतही नव्हता, तोंड खिडकीकडे. सूर बंद होता तो हळूहळू खुलत गेला आणि षड्जातून वरचे स्वर ऐकू यायला लागले. त्या कानशीने किती मटेरियल काढलं ते मोजायला माझं कुठलंही गेज पुरलं नसतं.

शेजारी हस्तिदंती रंगाच्या नक्षीने मढवलेला दुसरा तानपुरा होता. किंमत विचारली, जास्त होती. “वाजतो कसा?” म्हटलं. “त्याची जवारी अजून लागायचीय,” एवढंच उत्तर. नक्षीचे पैसे वेगळे, जवारीचं काम वेगळं. त्या गल्लीत कुणी त्यांची गल्लत करत नाही.

२१ डिसेंबर

आजीचा मुहूर्त.

झीज कुठे करायची हा खरा प्रश्न. हौशी रेलिकमध्ये पहिली गोची इथेच होते. सगळ्या कडा सारख्या घासलेल्या, जिथे माणसाचा हात कधी जातच नाही तिथे टवके, आणि पाठीला बक्कलचे ओरखडे असे सरळ रेषेत की पट्टी धरून मारलेत. म्हणून दिवाळीच्या रांगोळीचे उरलेले रंग काढले. भाच्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत लाल, तळहाताच्या कडेला निळा, शर्टावर पोटाशी हिरवा. आजी नुसती गळ्यात अडकवून त्याला नेहमीसारखं अर्धा तास वाजवायला लावलं. तारा नव्हत्या, पण हात नेहमीच्या जागी गेले. मग बॉडी उजेडात धरली. हात टेकतो त्या वरच्या कडेला लांबट लाल पट्टा, ब्रिजच्या (गिटारीच्या घोडीच्या) बाजूला निळा धब्बा, पाठीमागे वरच्या भागात हिरवट ढग. पेन्सिलने हद्दी आखल्या आणि फक्त तिथेच घासलं. आधी ३२०, मग ६००चा पॉलिश पेपर पाण्याबरोबर. मध्ये जास्त, कडेला कमी, म्हणजे रंग, त्याखालचा सीलर आणि त्याखालचं लाकूड अशा तिन्ही पायऱ्या दिसतात. खऱ्या झिजेत त्या दिसतातच. तुणाचा तांबूस रंग वर आला. भाचा म्हणाला, “हे वेगळंच दिसतंय, पण भारी दिसतंय.” ॲशचा विषय बंद.

मग भेगा. जुन्या नायट्रोला ज्या बारीक भेगा पडतात, त्या लाकूड आणि लॅकर थंडी-उन्हात कमीजास्त फुगल्यामुळे पडतात. तापकीर गल्लीतून फ्रीझर स्प्रे आणला. सर्किटमधला तापणारा पार्ट शोधायला टीव्ही मेकॅनिक वापरतात तो. हेअर ड्रायरने बॉडी कोमट केली आणि लगेच स्प्रे मारला. क्षणभर काही नाही. मग ‘टिक’, आणि लॅकरमध्ये केसासारखी रेघ धावत गेली. फर्निचरच्या साध्या एनसीत प्लॅस्टिसायझर कमी, म्हणून भेगा झटकन पडल्या. घाम आणि मळ दिसावा म्हणून भेगांवर पातळ तपकिरी स्टेनर फिरवून पुसून काढला.

नवरीला या दिवशी फक्त रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं. आरशासारखी झाली आहे.

२५ डिसेंबर

आजीचं लोखंड-पितळ. निकेलचे स्क्रू, कंट्रोल प्लेट आणि ब्रिज एका झाकणाच्या डब्यात जाळीवर ठेवले, खाली वाटीत संडास धुवायचं ॲसिड. उघड्या गॅलरीत, नाकाला फडकं बांधून. वाफेनेच चमक जाते, थेंब लागू द्यायचा नाही. अधूनमधून डोकावून बघायचं, कारण मळकट आणि सडका यांत फार वेळेचं अंतर नसतं. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून काढले.

टेलीची तीन पितळी सॅडलं (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) मीठ-व्हिनेगरच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. आई बघत होती. “आमचं आयुष्य गेलं पितळ चिंचेने घासून उजळवण्यात, आणि तू काळं करतोस?” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही गिटारींना सारखी ठेवली: फ्रेट, म्हणजे नेकवरचे धातूचे पडदे. कितीही हेवी रेलिक घ्या, फ्रेट नवे असतात. खऱ्या वाजलेल्या गिटारीत सगळ्यात आधी झिजतात ते फ्रेटच. पहिल्या चारपाच फ्रेटांवर तारांच्या खाली खोबणी पडतात आणि सूर चरचरायला लागतात. पण झिजलेले फ्रेट घालून गिटार विकायला कोणी बसत नाही, कारण ती वाजवता येणार नाही. पॉट (आवाज कमीजास्त करायचे नॉब) खरखरणारे घालत नाहीत, खुंट्या सैल ठेवत नाहीत. झिजवणारा जिथे थांबतो, तिथून पुढे वाद्य सुरू होतं. गिटार बघताना मी ती रेघ शोधतो.

२९ डिसेंबर, रविवार

नेक. इथे झिजेचा खरा उपयोग आहे, आणि रेलिकवाल्यांचं हे श्रेय मी देऊन टाकतो. खूप वाजलेल्या नेकच्या फिंगरबोर्डच्या कडा तळहाताने गोल झालेल्या असतात आणि पाठीची चमक जाऊन ती रेशमी होते. आजीच्या नेकची कड पेचकसाच्या गोल दांड्याने, ४५ अंशांत दाबत, दोन फ्रेटांच्या मधून मधून फिरवत गोल केली. भुगा निघत नाही, लाकूड दबतं फक्त. पाठ भांडी घासायच्या हिरव्या स्कॉच-ब्राइटने, मग बारीक स्टील वूलने. अंगठा आता चिकटत नाही.

नवरीचा नेक जसा आला तसाच ठेवला: कडा टोकदार, पाठ चकचकीत. थंडीत लाकूड आकसल्याने फ्रेटची टोकं बोटाला बोचत होती, तेवढी दोन्हींची कानशीने सारखी केली.

५ जानेवारी २०२५, रविवार

जोडणी आणि सेटअप. दोन्हींचं काटेकोर सारखं. फ्रेटांवर काळा मार्कर मारून लेव्हल केले, माथा पुन्हा गोल करून पॉलिश. नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे. ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) असा की पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबला तर आठव्यापाशी तारेखाली पाव मिलिमीटर फट राहील. फट मोजायला मोटारसायकलचं टॅपेट सेट करायचं फिलर गेज. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर. पिकअपचं तारेपासून अंतर स्टीलच्या पट्टीने, दोन्हींचं एकच. तारा एकाच पाकिटाच्या.

तीन सॅडलांच्या टेलीत दोन-दोन तारांना एक सॅडल, म्हणून बाराव्या फ्रेटचा सूर काटेकोर जुळत नाही, तडजोड करावी लागते. ती दोन्हींत सारखीच केली.

१२ जानेवारी, रविवार

उघड्या डोळ्यांची फेरी. भाचा, त्याच्या बँडमधला गिटारवाला, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेले एक काका. अँपचे नॉब खुणा करून ठेवले, कुणी हलवायचे नाहीत.

तिघांनीही आजी उचलली. ऑर्केस्ट्रावाले काका म्हणाले, “लाकूड वाळलंय हिचं, ऐका.” बँडवाल्या मुलाला तिच्यात ‘मिडरेंजला मध’ सापडला. नवरीबद्दल तिघांचंही मत ‘थोडी बंद, थोडी टोकदार’. फळी एकच आहे हे मी सांगितलं नव्हतं. भाच्याला माहीत होतं, तरी त्यालाही आजीच जास्त उघडी वाटली!

१९ जानेवारी, रविवार

आजची फेरी डोळे बांधून. ही कल्पना व्हायोलिनवाल्यांकडून घेतली. २०१०मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २१ वादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, आणि तीन जुनी नामांकित इटालियन: दोन स्ट्रॅडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल. जुन्या लाकडाच्या वासाने ओळखू नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंबसुद्धा लावला होता. बहुतेकांनी नवं व्हायोलिन पसंत केलं आणि सगळ्यात कमी आवडलेलं व्हायोलिन एक स्ट्रॅड निघालं. पुढे पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांबरोबर बारा वाद्यांवर पुन्हा केलं, तेव्हाही दहापैकी सहा जणांनी नवीच निवडली.

आमचा थाट त्यामानाने किरकोळ. बोहरी आळीतून वेल्डिंगचा काळा चष्मा आणला. आजीची उघडी कड कातडीला कळू नये म्हणून सगळ्यांना फुल बाह्यांचे शर्ट. नव्या लॅकरचा वास दोन्हींना येत होता, पण घासलेल्या आजीला जरा कमी. तेव्हा दोन्हींच्या वरच्या शिंगाला व्हिक्स. ऑर्केस्ट्रावाले काका म्हणाले, “पोरा, गिटार वाजवायला बोलावलंस की सर्दी झाली म्हणून?”

गिटार मी हातात द्यायची, त्यांनी वाजवायची, मी काढून घ्यायची. कधी तीच गिटार लागोपाठ दोनदा दिली.

उघडी, बंद, मध, वाळलेलं लाकूड ही सगळी विशेषणं विरघळली. तीच गिटार लागोपाठ दिली तर ‘ही दुसरी बरी’ असंही ऐकलं. पण एक आवड टिकली. हातात आली की आजी ‘सोपी’ वाटायची. आवाजाचं कुणी बोलेना. बोलले ते अंगठ्याबद्दल.

मग चहाच्या वेळात आतल्या खोलीत चार-चार स्क्रू काढून नेक बदलले. आजीची बॉडी आणि नवरीचा नेक, नवरीची बॉडी आणि आजीचा नेक. तारा, उंची, पिकअप पुन्हा मोजून सारखे. पुन्हा चष्मे. आवड नेकबरोबर गेली. ऑर्केस्ट्रावाले काका नवरीच्या बॉडीवर बोटं फिरवत म्हणाले, “हीच ती जुनी ना?” मी काही बोललो नाही.

शेवटी एक खोडी केली. आजीच्या बॉडीवरच्या टोकदार नेकची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, जराशी खाली उतरवली आणि मऊ नेकवाल्या गिटारीची तेवढीच वर चढवली. आता मत फुटलं. बँडवाल्या मुलाला खालची ॲक्शन आवडली, कारण तो वेगाने वाजवतो. काकांना वरची, कारण ते तार ओढतात तेव्हा त्यांना बोटाखाली काहीतरी पकडायला लागतं. तिघं चौघं जण आणि एक दुपार, यातून कुठला नियम निघत नाही हे मान्य. पण भाचा त्यानंतर ‘उघडी’ हा शब्द वापरताना दिसला नाही.

२६ जानेवारी, रविवार

एक भूत सापडलं. आजीच्या नेकवर तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट मेलेला आहे. सूर वाजतो, पण लगेच खचतो. शेजारचे पाचवा आणि सातवा नीट लांबतात. फ्रेट वर-खाली नाही, रॉकरने (फ्रेटांची पातळी बघायच्या पट्टीने) तपासला. तार बदलली, तेच. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूंनी बसवलेल्या नेकच्या फेंडर जातीत या भागात अशी मेलेली जागा असणं नवीन नाही. नेकची स्वतःची कंपनसंख्या त्या सुराशी जुळली की तारेतली शक्ती नेक खाऊन टाकतो.

पडताळायला सुताराचा छोटा सी-क्लॅम्प फडक्यात गुंडाळून हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) लावला. वजन वाढलं, कंपनसंख्या खाली आली, आणि मेलेली जागा सहाव्यावरून चौथ्याकडे सरकली. सहावा फ्रेट खणखणीत! क्लॅम्प काढला, पुन्हा मेला. भाचा तोंड उघडं ठेवून बघत होता.

सगळ्यांनी ‘सोपा, मऊ, जुना’ म्हणून उचललेला नेक हाच. चष्म्याच्या फेरीतही कुणाला ही जागा सापडली नाही, कारण प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या चार ओळी वाजवत होता. गिटार घ्यायला गेलं की मी हे करतो: अँपला न जोडता, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा, सावकाश, सूर स्वतःहून थांबेपर्यंत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. मग नेक डोळ्यासमोर धरून ब्रिजच्या दिशेने त्याची रेघ बघायची. तिसरी तार सुरात लावून एकदा ओढायची, परत सुरात येते का ते ऐकायचं. नाही आली तर बहुधा नटची खाच अडवते आहे, आणि ते तासाभराचं काम. पॉट फिरवून खरखर ऐकायची, जॅकमधली पिन हलवायची. रंगाकडे बघायचंच असेल तर एवढ्यासाठीच, की झीज हातांच्या जागी आहे की नाही. जुनी म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल आणि झीज भलतीकडेच असेल, तर बाकीच्या गोष्टीही तपासायला लागतात.

२ फेब्रुवारी, रविवार

भाच्याची निवड: नवरीची चकचकीत बॉडी, आजीचा नेक. मेलेल्या सहाव्या फ्रेटसकट. क्लिपचा ट्यूनर हेडस्टॉकला कायम लावून ठेवणार म्हणतो, वजनही होईल. रेलिक बॉडीसाठी एवढा हट्ट धरलेला हाच मुलगा. विचारलं तर म्हणाला, “मामा, तो तांबडा पट्टा तुझ्या पॉलिश पेपरचा आहे. माझ्या हाताने पडेल तो पडू दे.”

उरलेली जोडी, म्हणजे आजीची बॉडी आणि टोकदार नेक, ऑर्केस्ट्रावाल्या काकांनी मागितली. स्टेजवर लोकांना जुनी गिटार दिसली की मागणी वाढते, हा त्यांचा रोखठोक हिशोब. नेकच्या कडा त्यांच्यासाठी गोल करून दिल्या. ॲक्शन वरची.

देण्याआधी दोन्हींचे नेक काढून खड्ड्यात जळत्या तारेने लिहिलं: साल २०२४, तूण, पुणे. आजीच्या खड्ड्यात आणखी एक ओळ: झीज हाताने केलेली. कस्टम शॉपही आपल्या रेलिकच्या हेडस्टॉकमागे शिक्का मारतं. उद्या कुणी ही १९५२ची म्हणून विकायला निघालं, तर चार स्क्रू काढले की कळेल.

भाचा ठाण्याला राहतो. तिथली हवा दमट, मेपल फुगणार. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आठव्या फ्रेटपाशी फट मोजायची आणि गरज पडली तर ट्रस रॉड पाव आट्याच्या आत फिरवायचा, त्याहून जास्त नाही. फिलर गेज त्याला देऊन टाकलं आहे. दुसरं घेतलं पाहिजे, मोटारसायकलचे टॅपेट वाजताहेत.